भविष्याची भीती कुणाला? 'ब्लॅक मिरर'चा सातवा सीझन आणि आमची आष्टी

'ब्लॅक मिरर' या मालिकेचा सातवा सीझन १० एप्रिल २०२५ ला नेटफ्लिक्सवर आला. दुसऱ्या दिवशी महात्मा फुल्यांची जयंती आणि पुढे तीन दिवसांनी बाबासाहेबांची. त्या आठवड्यात आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना धड जेवायला वेळ मिळत नाही, मालिका कुठून बघणार? वर्गणीच्या पावत्या, मिरवणुकीची परवानगी, डीजे लावायचा की नाही यावरचं दरवर्षीचं भांडण, हे सगळं उरकल्यावर मी पहिला भाग लावला, तोही मोबाइलवर. कारण १४९ रुपयांच्या प्लॅनमध्ये तेवढंच मिळतं. एक फोन, एक माणूस, चित्र जरा धूसर. टीव्हीच्या पडद्यावर बघायचं तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. हा तपशील मुद्दाम सांगते आहे, पुढे तो कामी येईल.

आष्टी म्हटलं की लोकांना बीडची आष्टी आठवते, नाहीतर विदर्भातली. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथे 'सायन्स फिक्शन' बघणारे किती असतील हा प्रश्न मला शहरातल्या एका मित्राने हसत विचारला होता. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, पोरं सगळं बघतात. खरा प्रश्न वेगळा आहे. ही मालिका आष्टीच्या बौद्धवाड्यातून पाहिली की तिच्यात काय दिसतं, आणि मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला ते का दिसत नाही?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ली ब्रूकर या ब्रिटिश लेखकाची ही मालिका २०११ मध्ये इंग्लंडच्या चॅनल फोरवर सुरू झाली आणि २०१६ च्या तिसऱ्या सीझनपासून नेटफ्लिक्सकडे गेली. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र. उद्या-परवा येऊ शकेल असं एखादं यंत्र घ्यायचं आणि त्यामुळे माणसाचं काय होतं ते दाखवायचं, ही तिची रीत. काळा आरसा म्हणजे बंद पडलेला स्क्रीन. त्यात बघणाऱ्याचं तोंड दिसतं.

नव्या सीझनमध्ये सहा भाग आहेत. बाकीच्या पाचांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. पहिल्याबद्दल म्हणायचं आहे. नाव आहे 'कॉमन पीपल', म्हणजे साधी माणसं. अमांडा शाळेत शिक्षिका आहे, नवरा माइक वेल्डिंगचं काम करतो. पोटापुरतं मिळतं, सुखी आहेत. अमांडा शाळेत कोसळते. मेंदूत गाठ. डॉक्टर हात टेकतात. तेवढ्यात 'रिव्हरमाइंड' नावाच्या कंपनीची बाई येते आणि सांगते, ऑपरेशन फुकट करू, मेंदूचा खराब झालेला भाग आमच्या सर्व्हरवरून चालवू, तुम्ही फक्त महिन्याला ३०० डॉलर भरत राहा. बुडणाऱ्याला काय कळणार? माइक सही करतो.

मग हळूहळू अटी कळतात. ठरलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की अमांडा बेशुद्ध पडते, कारण तिथे कंपनीचं नेटवर्क नाही. ते हवं असेल तर 'प्लस' घ्या. साध्या प्लॅनमध्ये ती बोलता बोलता मध्येच जाहिरात म्हणू लागते आणि आपण काय बोललो हे तिलाच कळत नाही. वर्गात, पोरांसमोर, जाहिरात. ती रात्रभर झोपूनही थकलेली उठते, कारण झोपेत तिचा मेंदू कंपनीच्याच कामाला जुंपलेला असतो. हे सगळं टाळायचं तर आणखी वरचा प्लॅन, 'लक्स'. पैसे पुरावेत म्हणून माइक जादा पाळ्या करतो. शेवटी तो एका वेबसाइटवर लोकांसमोर स्वतःची विटंबना करून घेतो. लोक पैसे टाकतात, हा स्वतःचा दात उपटतो.

सगळीकडे याचं कौतुक झालं. भांडवलशाहीवरची जळजळीत टीका, सबस्क्रिप्शनच्या युगाचं भयाण भविष्य वगैरे. टीका आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप 'भविष्य' या शब्दाला आहे.

गेल्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू होतं. एका रविवारी वाचन संपल्यावर पाऊस थांबेना, बाया बसून राहिल्या, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. अमांडाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तिची 'मास्तरीण बाई' झाली. मी 'ऑपरेशन फुकट, पण महिन्याला पैसे' इथपर्यंत आले आणि मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "हे तं उचलीसारखंच झालं की."

जे ऊसतोडीला गेले नाहीत त्यांना या वाक्याची धार कळणार नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादम येतो आणि उचल देतो. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, ज्याची गरज असेल त्याला रोख पैसे एकदम हातात. त्या वेळी ते पैसे उपकारच वाटतात. मग नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात. हिशेबात दोन माणसं नाहीत, एक कोयता. तोडलेल्या उसाच्या टनावर उचल फिटत जाते. आजारी पडलं, पाळी आली, पोर तापाने फणफणलं म्हणून दिवस पडला तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपताना उचल फिटलेली नसली तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. आमच्या परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी एक बाई म्हणाली, झोपेत मेंदू वापरतात ते तर आमचंही होतं, तिकडे रात्री दोनला गाडी भरायला उठवतात. सगळ्या हसल्या. मी हसले नाही असं नाही, पण घरी गेल्यावर ते हसणं डोक्यातून जाईना. ब्रूकरला जे सुचायला संगणक, सर्व्हर आणि मेंदूतली चिप लागली, ते या बाया गेल्या पिढीपासून एका कोयत्यावर जगत आहेत.

इथे कुणी म्हणेल, ऊसतोडीत मराठेही आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, जात कुठे आणता? बरोबर आहे, आहेत. पण बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं होतं ते इथे आठवा. त्यांचा युक्तिवाद असा, की नुसती विषमता असती तर खालचे सगळे एकत्र येऊन वरच्याविरुद्ध उठले असते. पण या व्यवस्थेत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेला आहे. त्यामुळे प्रत्येकाला गमावण्यासारखं थोडंसं काही आहे, आणि सगळी शिडी जाळावी असं कुणालाच मनापासून वाटत नाही. आता 'रिव्हरमाइंड'चे प्लॅन बघा. साधा, प्लस, लक्स. अमांडा आणि माइक पूर्ण गोष्टभर एकच धडपड करतात: एक पायरी वर कसं जायचं. कंपनीच मोडली पाहिजे हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात श्रेणीबद्ध विषमता शिकवायला मला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही. फरक एवढाच, की लक्स पैसे भरून घेता येतो. आमच्याकडची पायरी जन्माला येताना ठरते आणि १४९ चं ५०० केलं तरी बदलत नाही.

जुने भागही याच नजरेने बघावेत असं मला वाटतं. तिसऱ्या सीझनच्या 'नोजडाइव्ह'मध्ये प्रत्येक माणसाला बाकीचे लोक पाचपैकी गुण देतात आणि त्यावर घर, विमान, लग्नाचं आमंत्रण ठरतं. माझ्या सवर्ण मैत्रिणींना तो भाग फार अंगावर आला होता. मला आला नाही. भाड्याने खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारायचं, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारायचं, गावावरूनही कळलं नाही तर "म्हणजे कोणापैकी?" असं विचारायचं, आणि मग खोली कालच गेली असं सांगायचं. हा रेटिंगचा खेळ मी एम.ए. करताना तीन वेळा खेळले आहे. त्याला ॲप लागत नाही.

पहिल्या सीझनच्या एका भागात लोक दिवसभर सायकल मारून गुण कमावतात. ज्यांना सायकल झेपत नाही त्यांना पिवळे कपडे घालून झाडलोट करावी लागते. बाकीचे त्यांना हसतात, त्यांना गोळ्या घालायचा व्हिडिओ गेमसुद्धा असतो. त्या पिवळ्या कपड्यांतल्या माणसांवर फारसं कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. लेख येतात ते नायकाच्या बंडावर. हाताने मैला उचलायला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ मध्ये झाला, गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये त्याचे तीस लाख केले. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ माणसं मरायची थांबलेली नाहीत.

आणि 'मेन अगेन्स्ट फायर'. सैनिकांच्या डोक्यात एक यंत्र बसवलेलं असतं, त्यामुळे शत्रू त्यांना माणूस दिसतच नाही, दात विचकणारं जनावर दिसतं. 'रोच' म्हणतात त्यांना, झुरळ. यंत्र बिघडल्यावर एका सैनिकाला कळतं की आपण साध्या, घाबरलेल्या बायामाणसांना मारत होतो, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचं रक्त हलकं ठरवलेलं आहे. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळंच म्हटलं जात होतं. तिथेही मेंदूत यंत्र नव्हतं. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न होऊ दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं. जात ही काही विटांची भिंत नाही की पाडली आणि झालं, ती माणसाच्या मनातली धारणा आहे, आणि त्या धारणेला धर्मग्रंथांचा आधार आहे. म्हणजे यंत्र कुठे बसवलंय हे आपल्याला १९३६ पासून ठाऊक आहे.

भिंतींवरून 'लैला' आठवली. आपल्याकडची मालिका, जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारलेली, दीपा मेहता आणि इतर दोघांनी दिग्दर्शित केलेली. 'आर्यावर्त' नावाचा उद्याचा देश, जातीजमातींप्रमाणे भिंती घालून वाटलेलं शहर, आणि पाण्याचा भयंकर तुटवडा. हुमा कुरेशीने साकारलेली शालिनी मुलीपासून तोडली जाते आणि श्रमकेंद्रात टाकली जाते. सहा भाग झाले, गोष्ट ऐन वळणावर थांबली आणि दुसरा सीझन आलाच नाही. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळ होता. जालना जिल्ह्यात टँकर चालू होते, आणि टँकर आधी कुणाच्या गल्लीत थांबतो आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यात किती उरतं, याचा अनुभव आमच्या बायांना आहे. मी 'लैला' तेव्हा पाहिली. धाडसी मालिका होती, तिच्यावर झालेला गदारोळ अन्यायाचा होता, हे आधी सांगते. पण ती सुरू कुठे होते? शालिनीच्या घरच्या पोहण्याच्या तलावापासून, चोरून विकत घेतलेल्या पाण्याच्या. तलाव असलेल्या बाईला घागरीसाठी उभं राहावं लागलं की तिथून भयकथा सुरू. पिढ्यान्‌पिढ्या घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईची कथा कुठल्या प्रकारात घालायची? तिला कुणी सायन्स फिक्शन म्हणत नाही. तिला दलित साहित्य म्हणतात आणि वेगळ्या कपाटात ठेवतात.

यात एक जुनी खोच आहे. एच. जी. वेल्सने १८९८ मध्ये मंगळावरच्या प्राण्यांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची कादंबरी लिहिली, तेव्हा गोऱ्यांनी टास्मानियातल्या मूळ माणसांचं काय केलं याचा उल्लेख त्याने सुरुवातीलाच केला होता. म्हणजे त्याला तरी ठाऊक होतं की आपण दुसऱ्यावर केलेलं आपल्यावर उलटलं तर काय, एवढाच हा खेळ आहे. नंतरच्यांना त्याचा विसर पडला.

मराठीचं काय? नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. फलज्योतिषाविरुद्ध आयुष्यभर उभा राहिलेला हा माणूस, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि आष्टीच्या अभ्यासिकेत त्यांची पुस्तकं आहेत. पण मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांत यान कुठेही जाऊन येतं, गावकुसाबाहेर मात्र क्वचितच उतरतं.

आता माझा खरा झगडा. 'कॉमन पीपल'चा शेवट मी बायांना सांगितला. हप्ते थकतात, अमांडा स्वतःच मरण मागते, माइक तिच्या तोंडावर उशी दाबतो आणि त्या क्षणीही तिच्या तोंडून जाहिरात चालू असते. मग तो कटर घेऊन दुसऱ्या खोलीत जातो, जिथे ती विटंबनेची वेबसाइट उघडी आहे. दार बंद. विहारात शांतता होती. आमच्यातली एक बचत गटाची बाई, जिच्यावर दोन फायनान्स कंपन्यांचं कर्ज आहे, ती म्हणाली, "पण ताई, तिच्यासारख्या बाकीच्या कुठं होत्या? एकलीलाच का चिप बसवली होती?"

या प्रश्नाला मालिकेत उत्तर नाही. कंपनीचे हजारो गिऱ्हाईक असणार, पण अमांडा त्यांतल्या कुणाशीही एकत्र येत नाही. शेजारी नाहीत, युनियन नाही, मोर्चा नाही, कोर्टकचेरी नाही. 'ब्लॅक मिरर'मधला माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो, एकटाच तडफडतो आणि एकटाच संपतो. दुःख ब्रूकरला दिसतं. दुःखाचं कारणही दिसतं. तिथे तो थांबतो. बुद्ध तिथे थांबला नाही, हे मी धम्माच्या वाचनाला बसणाऱ्या बायांना वेगळं सांगायची गरज नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा मागे हजारो लोक होते, आणि त्यांतल्या अनेकांनी त्या दिवशी मार खाल्ला. एकट्या माणसाने रात्री गुपचूप पाणी पिऊन जीव वाचवण्याची ती गोष्ट नव्हती.

एकत्र असणं म्हणजे लगेच मुक्ती, इतकं सोपंही नाही. फायनान्स कंपनीच्या गटात बाया एकत्रच असतात. पण तिथे एकीने हप्ता बुडवला तर बाकीच्यांना उठू देत नाहीत, आणि मग बायाच बाईच्या दारात जाऊन तिला शिव्या देतात. आमचं एकत्र असणंही तारण म्हणून वापरता येतं, हे कंपन्यांना आपल्याआधी कळलं. म्हणून त्या बाईचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ती गटातलीच आहे, तरी तिने 'बाकीच्या कुठं होत्या' असंच विचारलं.

ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकेने १९९३ मध्ये एक कादंबरी लिहिली, तिची कथा २०२४ साली सुरू होते. पाणी महाग, आगी, वस्तीभोवती भिंत. पण तिची नायिका, एक काळी मुलगी, भिंत पडल्यावर रस्त्याने चालत एकेक माणूस जोडत जाते. गुलामगिरीचा इतिहास पाठीशी असलेल्या समाजातली लेखिका भविष्याकडे बघते तेव्हा असं बघते. ज्या मातीतून ब्लॅक पँथर निघाले, आणि ज्यांच्यावरून १९७२ मध्ये आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, तिचंच हे पीक. आपल्याकडे आत्मकथनं झाली, कविता झाल्या, जलसे झाले. भूतकाळ आपण मांडला, आणि तो मांडणं गरजेचंच होतं. उद्याचा काळ मात्र आपण दुसऱ्यांच्या हाती सोडला आहे.

चळवळीतले काही ज्येष्ठ मला म्हणतात, ताई, पोरांना संविधान वाचायला लावा, ह्या मालिका कशाला? संविधान आम्ही वाचतोच. पण १९५० साली अस्पृश्यता बंद झालेला देश ही त्या काळच्या गावात बसून कल्पना करण्याजोगी गोष्टच नव्हती. अनुच्छेद १७ लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर न दिसणारा देश कागदावर आणला. कल्पना करणं हे रिकामटेकड्यांचं काम समजू नका.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, लोक कारखान्याला निघायच्या आधी, मी अभ्यासिकेतल्या पोरांना एक पान लिहायला सांगितलं: २०५० ची आष्टी. पोरांनी उडत्या गाड्या लिहिल्या, रोबोट लिहिले, एकाने परतूरहून मेट्रो आणली. दोघांनी ऊस तोडणारं यंत्र लिहिलं, पण मग आईबाप काय काम करतील ते लिहिलं नाही. यावर आम्ही पुढे तासभर भांडलो. नववीतल्या एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. २०५० मध्ये आमचं गायरान आमच्या नावावर आहे, सातबारावर आईचं पण नाव आहे, आणि आम्ही कुठेच जात नाही, असं काहीतरी. पोरं तिला म्हणाली, हे सायन्स फिक्शन नाही. ती म्हणाली, आहे.

१४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. तिच्या आजोबांची फाईल सध्या माझ्याकडे आहे. दंडाच्या पावत्या, एक-ईच्या नोंदीची नक्कल, पंचनामा, अर्जांच्या पोचपावत्या. सगळ्यांत जुनी पावती १९८७ ची आहे. मुलीचं पान मी त्याच फाईलला लावून ठेवलं आहे.